गर्दी आहे म्हणूनच सांगायला हवं

कोल्हापुरात कुठलाही मोठा कार्यक्रम झाला, की दुसऱ्या दिवशी एक वाद हमखास रंगतो. खासबागेतलं कुस्तीचं मैदान असो, शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची फायनल असो, नाटकाचा प्रयोग असो की गाण्याची मैफल असो. कुणीतरी म्हणतं, ‘आम्हाला कळलंच नाही.’ त्यावर आयोजकांच्या बाजूचं कुणीतरी उत्तर देतं, ‘मैदान तुडुंब होतं, पाय ठेवायला जागा नव्हती, आणखी काय दवंडी पिटायची?’ मग तिसरा उठतो आणि जमाना रीलचा आहे, लाखो फॉलोअर असलेली पोरं बोलवा, ड्रोन उडवा, असा सल्ला देतो. यावर पहिले दोघेही चिडतात. मातीतल्या खेळाचा आणि कलेचा बाजार मांडायचा का, असा प्रश्न येतो आणि वाद तिथंच विझतो, पुढच्या कार्यक्रमापर्यंत.

या तिघांचं एका बाबतीत मात्र एकमत आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. प्रसिद्धी म्हणजे गर्दी जमवण्याची युक्ती, हे तिघांनीही गृहीत धरलंय. एकाला गर्दी पुरेशी वाटते, दुसऱ्याला ती आणखी हवी आहे, एवढाच काय तो फरक. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. ऑनलाइन प्रसिद्धी हे आधी माहिती देण्याचं काम आहे. कधी, कुठे, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, आत कसं जायचं, आणि रद्द झालं तर कुठे कळेल, हे सांगणं ही आयोजकाची जबाबदारी आहे. ज्या कार्यक्रमाला लोक लोटतात त्याच्यावर ती जास्तच येते. रिकाम्या सभागृहाच्या आयोजकानं चुकीची वेळ छापली तर दहा माणसांची पंचाईत होते. भरलेल्या मैदानाच्या आयोजकानं तीच चूक केली तर हजारोंची होते.

मागे एका रविवारी दुपारी मी खासबागेवरून चाललो होतो. बंद दाराजवळ एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा आठ-दहा वर्षांचा नातू उभे होते. पांढरा पटका, हातात कापडी पिशवी. पोरगं दाराच्या फटीतून आत डोकावत होतं. मला थांबवून आजोबांनी विचारलं, ‘दादा, आज कुस्त्या हाईत न्हवं?’ म्हटलं, ‘आजोबा, आज तर काही नाही.’ त्यांनी मोबाइल पुढं केला. ‘ह्यात तर रविवारच लिवलाय की. भाच्यानं धाडलंय.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात फिरून पुसट झालेलं ते पोस्टर होतं. वरच्या निम्म्या भागात पुढाऱ्यांचे आणि देणगीदारांचे फोटो, मध्ये नंबर एकच्या कुस्तीची जोड, आणि तळाला बारीक अक्षरात ‘येत्या रविवारी दुपारी ३ वाजता’. तारीख नाही, साल नाही. एका जोडीवरून मला आठवलं, हे मैदान तर मागच्या वर्षीच होऊन गेलं होतं. ते दोघं मुरगूडहून एसटीनं आले होते. पोराला घरी सांगून आणलं होतं, की आज तुला मोठ्या पैलवानांची कुस्ती दाखवतो. आजोबांनी कुणालाही दोष दिला नाही. ‘आमचंच चुकलं म्हणायचं,’ एवढंच म्हणाले. त्यांचं काय चुकलं होतं?

खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात हे मैदान उभं राहिलं. मधला कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. पुढच्या माणसाच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. मागच्या कडेला बसलेल्या गड्यालाही पुढच्या रांगेतल्या पाहुण्याइतकाच डाव स्पष्ट दिसावा, हा विचार त्या बांधकामात शंभर वर्षांपूर्वी झाला. आत आलेल्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे, ही सोय महाराजांनी करून ठेवली. दाराबाहेरच्याला वेळेवर कळलं पाहिजे, ही सोय आपण कधी करणार?

‘जोतिबाच्या यात्रेची जाहिरात कोण करतं?’ असा एक बिनतोड वाटणारा मुद्दा या वादात नेहमी येतो. चैत्र पौर्णिमेला लाखो लोक वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर येतात, सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळतो. कुणी पोस्टर लावलेलं नसतं. मुद्दा खरा आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. जोतिबाच्या यात्रेइतकी चोख पूर्वसूचना दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला मिळतच नाही. ती पंचांगात असते, आणि पंचांग घराघरांत असतं. वर्षभर आधी तिथी कळते, ती बदलत नाही आणि कुणाच्या ओळखीवर अवलंबून नसते. पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेला दिवे लागणार, हे सांगावं लागत नाही ते याच कारणानं. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा तर कोल्हापूरच्या माणसाला तोंडपाठ असतात. जानेवारीची ३१ आणि फेब्रुवारीची १ व २, तसेच नोव्हेंबरचे ९, १०, ११. आभाळ आलं तर मावळत्या सूर्याची किरणं देवीपर्यंत पोचत नाहीत, पण कुठल्या दिवशी यायचं याबद्दल कुणाचा घोळ होत नाही. आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी कार्यक्रमपत्रिका म्हणजे पंचांग. जे तिथीवर चालतं त्याला ते पुरतं. जे तिथीवर चालत नाही, म्हणजे लीगचे सामने, कुस्तीची मैदानं, नाटकं, मैफली, त्यांना कुणीतरी तिथी द्यावी लागते आणि ती सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहावी लागते.

आता विरोधातल्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो. ऑनलाइन प्रसिद्धीनं माणसं मरतात, असं कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळूरमध्ये क्रिकेटमधला विजय साजरा करताना चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा जीव गेला. सकाळी समाजमाध्यमांवरून सगळ्यांना आवताण गेलं होतं आणि स्टेडियमच्या क्षमतेच्या कित्येक पट लोक रस्त्यावर उतरले होते. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पेठापेठांतली ईर्षा किती टोकाला जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. समर्थकांची हाणामारी आपण पाहिली आहे. अशा ठिकाणी आणखी लोकांना बोलवायचं म्हणजे आगीत तेल ओतणं नव्हे का, हा प्रश्न रास्त आहे.

पण बंगळूरमध्ये नेमकं काय झालं, ते पुन्हा नीट पाहू या. ‘या’ हे सगळ्यांपर्यंत पोचलं. कुणी यायचं, कुठल्या दारानं, जागा किती, हे पोचलं नाही. मिरवणूक निघणार की नाही यावर दिवसभर उलटसुलट निरोप फिरत राहिले, आणि आत जायला पास लागेल, तेही मोजकेच आहेत, ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळली. हा जास्त प्रसिद्धीचा दोष मानायचा की अर्धवट माहितीचा? मला तो अर्धवट माहितीचाच दिसतो. नुसती हाक घालणं धोक्याचं, यात शंकाच नाही. पण गर्दीच्या भीतीनं माहिती दाबून ठेवली तर गर्दी घरी बसत नाही, ती अंदाजानं येते. तिकिटं संपली हे ज्याला घरीच कळलं तो घरी राहतो. ज्याला दारात कळतं तो दारात रेटारेटी करतो. फुटबॉल संघ असलेल्या दोन तालमींच्या समर्थकांनी कुठल्या बाजूनं यायचं आणि कुठं गाड्या लावायच्या, हे आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर आलं, तर बंदोबस्तावरच्या पोलिसाचं निम्मं काम तिथंच होतं. गर्दीची भीती हे नीट माहिती देण्याच्या बाजूचंच कारण आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त जवळचा आहे, कारण मी त्याच वातावरणात वाढलो. कोल्हापुरात बातमी चहाच्या गाड्यावर पोचते, तालमीच्या कट्ट्यावर पोचते. ‘आज संध्याकाळी येतोयस न्हवं?’ असं कुणी विचारलं की त्यात आपुलकी असते, हक्क असतो. पोस्टर बघून आलेला माणूस प्रेक्षक असतो, बोलावून नेलेला माणूस आपला असतो. हे मी मनापासून मान्य करतो, आणि कुठल्याही ऑनलाइन निरोपानं या हाकेची जागा घेऊ नये असंच मला वाटतं. पण ही हाक कुणाला जाते, याचा विचार आपण कधी केलाय का? कट्ट्यावर जो बसतो त्याला. कट्ट्यावर बायका बसत नाहीत. शिवाजी विद्यापीठात शिकायला चंदगडहून, आजऱ्याहून आलेली आणि खोली घेऊन राहणारी मुलं कुठल्याच पेठेची नसतात. एमआयडीसीत नोकरीसाठी आलेलं कुटुंब दहा वर्षं राहूनही त्या साखळीत येत नाही. तुडुंब भरलेलं मैदान बघून आपण खूश होतो, पण त्या गर्दीत कोण नाही हे गर्दीकडे बघून कळत नाही. हाऊसफुल्लच्या पाटीनं झाकली जाते ती हीच गोष्ट.

एक मैफल आठवते. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, जयपूर घराण्याची गायकी होती आणि समोर माणसं सत्तरच्या आसपास, त्यातली बहुतेक साठीच्या पुढची. गाणं असं रंगलं की तासभर कुणी जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मित्राची मुलगी, जी स्वतः गाणं शिकते आणि तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहते, मला म्हणाली, ‘काका, कुणाच्या तरी स्टेटसला अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहिला आणि रडूच आलं. मला कुणीच कसं सांगितलं नाही?’ ज्या शहरात शाहू महाराजांच्या आश्रयानं जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब राहिले, ज्या मातीत ते घराणं वाढलं, तिथं गाणं शिकणाऱ्या मुलीला मैफल होऊन गेल्यावर कळावं? आयोजकांनी तिला मुद्दाम वगळलं होतं असं मुळीच नाही. त्यांनी निरोप त्यांच्या यादीतल्या लोकांना पाठवला. यादी जुनी होती, आणि यादीतली माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

‘कलेला जाहिरात शोभत नाही’ हे वाक्य मी कोल्हापुरात ऐकतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण हे बाबूराव पेंटरांचं गाव आहे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत सिनेमाकडे वळले. बाबूरावांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. याच माणसानं आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतःच्या कुंचल्यानं रंगवली, चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका छापल्या. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज हाती असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत गणलं जातं. लोकांना सिनेमाचं अप्रूप असतानाच, म्हणजे गर्दी आपसूक होत असतानाच त्यांनी हे केलं. प्रसिद्धीचं काम कुणा कारकुनावर न सोपवता कलावंतानं स्वतः हाती घेतलं, आणि पडद्याला जेवढी निगा दिली तेवढीच भिंतीवरच्या कागदाला दिली. लोकमान्यांनीही तेच केलं. १८९३ मध्ये गणपती काय घरात येत नव्हते? पण उत्सव चौकात आणायचा ठरल्यावर ‘केसरी’तून तो विचार गावोगाव न्यावा लागला. लोकप्रिय गोष्टीचा प्रचार करणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. आपल्याला का वाटावं?

माणसं आणि पैसा कुठून आणायचा, ही अडचण मात्र खरी आहे. आपल्या बहुतेक संस्था निवृत्त माणसं आपल्या खिशाला खार लावून चालवतात. त्यांना रील बनवायला सांगणं हा अन्याय आहे. पैसे देऊन केलेली ऑनलाइन जाहिरात परवडत नाही, आणि परवडली तरी तो पैसा गावाबाहेर जातो. म्हणूनच रीलवाल्यांचा सल्लाही मला पटत नाही. इन्स्टाग्रामची स्टोरी आणि व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तासांत नाहीसं होतं. ड्रोनमधून मैदान छान दिसतं, पण मुरगूडच्या आजोबांना हवी असलेली तारीख त्यात नसते. रीलला हजारो लाइक मिळाले म्हणजे निरोप पोचला, असं आपण समजून चालतो. प्रत्यक्षात त्या हजारांतले निम्मे दुसऱ्या राज्यातले असू शकतात.

मी ज्याला चांगली प्रसिद्धी म्हणतो तिला खर्च जवळजवळ नाही. पोस्टर चित्राच्या रूपात असतं, त्यामुळे त्यातली अक्षरं सहसा शोधून सापडत नाहीत, आणि अंध माणसाचा मोबाइल ती नीट वाचून दाखवेलच असं नाही. तीच माहिती चित्राखाली पाच साध्या ओळींत मराठीत टाइप केली तर दोन्ही गोष्टी होतात. सालासकट तारीख, वार, जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, तिकीट किंवा पास कुठे, आणि एक चालू फोन नंबर. प्रत्येक संस्थेनं आपला एकच कायमचा पत्ता धरावा, मग ते फेसबुकचं पान असो की साधी वेबसाइट, आणि बदल झाला तर आधी तिथं लिहावा. होऊन गेलेल्या कार्यक्रमावर ‘झाला’ असं लिहावं. आणि या सगळ्या संस्थांच्या तारखा एका जागी दिसतील असं शहराचं एक सामाईक पंचांग असावं. ते महापालिकेनं चालवावं, विद्यापीठानं चालवावं की संस्थांनी मिळून, यावर माझा हट्ट नाही. असं पंचांग असतं तर एकाच संध्याकाळी नाटक, व्याख्यान आणि फायनल येऊन तिघांचाही प्रेक्षक फुटण्याचा प्रकारही कमी झाला असता. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला कसली कमी आहे? १९५३ पासून चालत आलेला, नावाजलेला महोत्सव. तरी कुठल्या दिवशी कोण गाणार हे आधी जाहीर होतं, म्हणून तर कोल्हापूरचे रसिक डिसेंबरातली रजा आधी टाकून ठेवतात. आपल्या गावच्या कार्यक्रमासाठी रजा टाकायची तर तारीखच ठाऊक नसते.

आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातली चौकट राहू दे, रिक्षावरचा भोंगा राहू दे, गावच्या पारावर लावलेला कागद राहू दे. मी काहीही काढून टाका म्हणत नाही. काढायचेच असतील तर चौकाचौकांतले फ्लेक्स काढा. त्यावर पंधरा-वीस चेहरे असतात आणि कार्यक्रमाची वेळ शोधावी लागते. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ मध्येच कडक आदेश दिले. मे २०२४ मध्ये घाटकोपरला अवाढव्य फलक कोसळून १७ माणसं दगावली. एका फ्लेक्सच्या खर्चात एखाद्या कॉलेजच्या पोराला महिनाभर मानधन देऊन हे पाच ओळींचं काम करून घेता येईल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून १९१५ मध्ये उभं केलेलं ते नाट्यगृह डोळ्यांदेखत जळताना लोक रस्त्यात उभे राहून रडले. त्या ज्वाळांचे व्हिडिओ त्याच रात्री परदेशातल्या कोल्हापूरकरांपर्यंत पोचले. मलाही दूरदूरून फोन आले. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. त्या रंगमंचावर वर्षानुवर्षं जे उभं राहिलं, हौशी संघांनी तालमी करून करून बसवलेले राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग, त्यातलं किती असं पोचलं? आग पोचवायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. ज्याच्या हातात मोबाइल होता त्यानं ती पाठवली. मग नाटक पाठवायला आपण का अडखळतो?

गेल्या मोसमात माझ्या ओळखीच्या एका हौशी नाट्यसंघानं पोस्टरखाली पाच ओळी लिहायला सुरुवात केली. ‘प्रयोग रात्री नऊ वाजता संपेल’ ही ओळ लिहायची की नाही यावर त्यांच्यात बराच खल झाला, कारण नाटक संपायची वेळ आजवर कुणी छापली नव्हती. शेवटी लिहिली. दोन दिवसांनी खाली दिलेल्या नंबरवर गडहिंग्लजहून एका बाईंचा फोन आला. नाटक कुठलं, काम कोण करतंय, तिकीट किती, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘नऊला संपणार हे नक्की ना भाऊ? मग मला परतीची एसटी मिळते.’ त्या आल्या. सोबत शेजारच्या दोघींना घेऊन आल्या.